सोमवारचा बिघाड

शबाना काझी मॅडमची आणि माझी ओळख एका बातमीमुळे झाली. मी तेव्हा यवतमाळच्या एका दैनिकात होतो. रुग्णांसाठी मोबाइल अॅप तयार करणाऱ्या त्यांच्या छोट्या कार्यालयावर लिहायला गेलो, तर मॅडमनी फोन माझ्याच हातात दिला आणि मी कुठे अडखळतो ते पाहत बसल्या. मुलाखत माझीच झाली. पुढे अॅपमधली मराठी वाक्ये लिहायला मी त्यांच्याकडेच रुजू झालो. आज त्यांच्या साठीच्या सत्कारानिमित्त लिहिताना मला एक प्रसंग टाळता येत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांना रक्त चढवण्याची पाळी मोबाइलवरून नोंदवता यावी आणि ती दवाखान्यात वेबसाइटवर दिसावी, असे ते काम होते. पांढरकवड्याच्या पलीकडून मुलीला घेऊन येणाऱ्या सुमनताईंनी अॅप सुरू होण्याआधीच त्यासाठी नाव दिले होते. अॅपमध्ये काही बदलले की सगळे पुन्हा हाताने तपासावे लागे. म्हणून मॅडमनी स्वयंचलित चाचणीचे साधन बसवायचे ठरवले. ते स्वतःच बटणे दाबते, पाने उघडते. बरोबर असेल तर हिरवी खूण, चुकले तर लाल. आमचे सहकारी प्रफुल्ल यांनी ते मेहनतीने उभे केले. सगळ्या खुणा हिरव्या आल्या. काम देणाऱ्या संस्थेने उद्घाटनाचे पाहुणेही ठरवले.

मॅडम मात्र खुर्ची ओढून प्रफुल्लशेजारी बसल्या. "हिरवं त दिसलं. आता हे लाल होते काय, ते दाखव मले."

त्यांनी फक्त चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रतीत अॅप आणि दवाखान्याची वेबसाइट यांच्यातला दुवाच तोडला आणि साधन पुन्हा चालवले. सगळे हिरवेच. फोनवर 'आपली पाळी नोंदवली आहे' हे मी लिहिलेले वाक्य झळकत होते आणि दवाखान्याच्या पानावर नाव नव्हते. साधन फक्त वाक्य येते की नाही तेवढेच बघत होते.

उद्घाटन पुढे ढकलायचे म्हटल्यावर संस्थेचे सचिव तडक आले. पाहुण्यांना काय सांगू, हे काम दुसऱ्याला देऊ का, असे बरेच ऐकवून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, चांगल्या कामात काहून खोडा घालून राह्यल्या? मुद्दाम तोडल्यावर कोणतंही यंत्र फसनच."

मॅडमनी चहा त्यांच्यापुढे सरकवला. "भाऊ, तिकडं मुद्दाम तोडाची गरजच नाही, रेंज आपोआप जाते. सुमनताई पोरीले घेऊन एसटीनं येईन आन् इथं तिचं नावच नसन, तवा तिच्यासमोर तुम्ही उभे राहान काय?"

सचिव चहा घेऊन, नव्या तारखेचे काही न ठरवता निघून गेले. काम हातचे जाईल अशी धास्ती आम्हाला होती. मॅडमना ती नसेल असे नाही, पण त्या मागे हटल्या नाहीत. प्रफुल्लला कुणी काही बोलण्याआधीच त्यांनी सांगून टाकले की, काय तपासायचे हे ठरवणे आपले स्वतःचे काम होते. खट्टू झालेल्या प्रफुल्लला त्या म्हणाल्या, "आता तू माह्या कामात बिघाड कर, मी शोधते."

साधन नव्याने बांधले गेले. आता ते मोबाइलवर पाळी नोंदवते, मग वेबसाइट उघडून तेच नाव शोधते, मधेच नेटवर्क बंद करूनही पाहते. दवाखान्यात नाव पोचेपर्यंत अॅपने 'नोंदवली' म्हणायचे नाही, असा नियम झाला आणि माझे वाक्य बदलले. रुग्णांकडे असतात तसले जुने, तडा गेलेले फोन घेऊन अॅप तपासायला मॅडम स्वतः एसटीने पांढरकवड्याला जाऊन आल्या. सचिवांनी अखेर नवी तारीख दिली.

अॅप सुरू झाल्यावर सुमनताई मुलीसह दवाखान्यात आल्या. फोन पुढे करून त्यांनी मॅडमना विचारले, "हे म्हणते पाळी आहे. त आहे ना जी?"

मॅडमनी दवाखान्याच्या पानावरचे नाव दाखवले. "आहे."

तेव्हापासून आमच्याकडे दर सोमवारी कुणीतरी चाचणीच्या प्रतीत गुपचूप एक बिघाड करून ठेवतो. साधनाने तो पकडला नाही, तर नवे काहीही रुग्णांपर्यंत जात नाही. परवाच्या सोमवारी आम्ही या सत्काराच्या तयारीत गुंतलेलो पाहून मॅडमनीच बिघाड करून ठेवला. लाल खूण उमटली तेव्हा त्यांना झाला तेवढा आनंद शाल-श्रीफळाने होईल असे मला वाटत नाही.

शबाना मॅडमना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांनी असेच आमच्या कामात बिघाड करत राहावे, म्हणजे कुणी सुमनताई विचारायला आल्या की आम्हालाही न अडखळता 'आहे' म्हणता येईल.