सतरा घरटी आणि पाच पोस्टकार्डं

नाशिकहून पहाटेची एसटी पकडली तेव्हा मी भलतीच खुशीत होते. पिशवीत पक्ष्यांचे तक्ते आणि डोक्यात एकच ध्यास, की खेड्यातल्या मुलांना भोवतालचे पक्षी-प्राणी राखायला शिकवायचं. पाच शाळांना मी आधीच पोस्टकार्डं धाडली होती : ‘मुलांनी निसर्गातील एकेक सुंदर वस्तू आणावी. प्रदर्शन भरवू.’

पिंपळगाव बसवंतला उतरून पुढे तासभर चिखलातली पायपीट. चप्पल तुटली, ती हातात घेऊन द्राक्षमळे आणि बाजरीची शेतं ओलांडली. पहिल्या शाळेत हेडमास्तरांनी चहा आणि गरमागरम कांदाभजी पुढे केली आणि मोठ्या अभिमानाने वर्गाचं दार उघडलं.

टेबलावर सुगरणीची सतरा घरटी मांडली होती.

एकात मी बोट घातलं. आत दोन पांढरी अंडी होती, गार पडलेली. हातातलं भजं मी तसंच खाली ठेवलं. मुलं शाबासकीची वाट बघत उभी होती. त्यांना रागावणार तरी कोणत्या तोंडाने? त्यांनी माझंच ऐकलं होतं.

घरटी शाळेजवळच शेती करणाऱ्या हौसाबाईंच्या विहिरीवरची होती. तिथे गेले, तर पाण्यावर झुकलेल्या बाभळीभोवती पाखरं नुसती कालवा करत होती.

“बाजरी खात्यात म्हून आमी गोफण फिरवतो,” हौसाबाई म्हणाल्या. “पर घरट्याला कुनी हात नव्हता लावला, बाई. पोरं म्हनली, नाशिकच्या बाईंचं कारड आलंय. मंग म्या बी काय बोलले नाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग एकदम आठवलं, तेच कार्ड आणखी चार गावांत पोचलंय!

“पुढच्या गावाला एसटी कधी आहे?”

“आता थेट उद्या.”

“मग मी चालतच निघते.”

“अशा अनवानी?” त्यांनी आपल्या वहाणा काढून माझ्यापुढे सरकवल्या. “ह्या घाला. येताना द्या.”

वहाणा ढगळ होत्या, टाचा सोलवटल्या, पण थांबले नाही. तीन गावांत वेळेवर पोचले. तिथे टेबल मांडूच दिलं नाही. मुलांना घेऊन झाडाखाली गेले आणि सगळे मिळून लांबूनच पाखरं बघत बसलो. चौथ्या गावात मात्र उशीर झाला होता.

चार दिवसांनी वहाणा परत करायला गेले. हौसाबाईंनी हात धरून मला विहिरीपाशी नेलं. बाभळीच्या फांदीवर एक नर गवताची हिरवी पाती गुंफत होता.

“पुन्यांदा लागला बगा कामाला. पोरं राखन करत्यात आता,” त्या म्हणाल्या. मला रडू आवरेना.

निघताना हेडमास्तरांकडून त्या सतरांतलं एक घरटं मागून घेतलं. आता कुठल्याही गावी गेले की पिशवीतून आधी तेच काढते. त्याला एक चिठ्ठी बांधली आहे : ‘हे मी मोडायला लावलं.’