तांदळावरचं नाव

भाचीच्या लग्नात नवऱ्या मुलाने ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मी कधीच न पाहिलेली पणजी आठवली. ती इंग्रज, छावणीत वाढलेली. पणजोबांशी लग्न झालं आणि अशाच एका ताटात तिची रमा झाली. आधीचं नाव घरात पुन्हा कुणी विचारलंच नाही. वर्षभर मी जुनी चर्च पालथी घालतेय, दफनभूमीतले शेवाळलेले दगड घासून वाचतेय. रमेचं माहेर काही सापडत नाही.

कुणीतरी ताट उचललं. तांदूळ हलले, नाव मोडलं.

"उद्या पुन्हा जातेय," मी शेजारी बसलेल्या आत्याला म्हटलं.

"अगं, आता ते नाव मिळवून करणार काय तू?"

"तिला हाक मारणार."