जऊळक्याच्या रुळालगतची दुपारची झोप

माझी मैत्रीण मेधा डॉक्टर आहे. रस्त्याचा आणि रेल्वेचा आवाज कुणाच्या घरात किती शिरतो याचा नकाशा करायचा आणि तिथल्या माणसांची तब्येत तपासायची, हे तिचं सध्याचं काम. त्यासाठी पुण्याहून थेट वाशिम जिल्ह्यात कशाला जायचं, ते मला कळेना. म्हणूनच तिच्यासोबत निघाले.

पहिला दिवस मंगरूळपीरला. वाशिमहून एसटी भरपूर. बसस्थानकासमोर तिपाईवर आवाज मोजायचं मीटर लावून मेधा हॉर्न आणि ट्रक नोंदवत बसली, मी भजी खात. दुसऱ्या दिवशी इंझोरी. तिकडे गाडी ठरवूनच जा. गावाबाहेर तुरीच्या शेतात आकडा इतका खाली आला की मीटर बिघडलं असंच वाटलं. मग वारा सुटला, वाळलेल्या शेंगा खुळखुळल्या आणि आकडा चढला.

तिसऱ्या दिवशी जऊळका. रुळाला लागून पंचफुलाबाईंचं घर. साठीच्या, अजून शेतात जाणाऱ्या. त्यांनी भाकरी आणि आलूवांगं वाढलं. गाडी आली की त्या वाक्य अर्धं सोडत, गेली की तिथूनच पुढे बोलत. मेधानं आवाजाचा त्रास होतो का विचारलं.

"कायचा तरास? लगन होऊन आली तवापासून इथंच हाओ. मले आता गाडी ऐकूच येत नाही."

जेवून त्या रोजच्यासारख्या आडव्या झाल्या. त्यांना विचारून मेधानं बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला. झोप लागली, आकडा संथ झाला. मग मालगाडी आली. मांडणीवरची भांडी थरथरली. पंचफुलाबाईंची पापणीही हलली नाही, पण नाडी भराभर चढली आणि शेवटचा डबा गेल्यावरही बराच वेळ वरच राहिली.

उठल्यावर मेधानं त्यांना ती नोंद दाखवली. एका गाडीवरून काही ठरत नाही, हेही सांगितलं. पण रक्तदाब घेतला, तर तो खूपच वाढलेला. त्या आपल्या बोटाकडे पाहत राहिल्या.

"म्हंजे मी ऐकून राह्यली होती," त्या म्हणाल्या, "अन् मलेच पत्ता नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या.

घरी आल्यावर लोक विचारतात, वाशिमला पाहण्यासारखं काय आहे? मला नीट सांगता येत नाही. माझी आई रस्त्याकडच्या खोलीत झोपते, सवय झाली म्हणते. काल दुपारी ती झोपली असताना खालून डंपर गेला. ती हललीही नाही. मी तिचं मनगट हातात घेतलं आणि मोजायला लागले.