माहेरचं रक्त
लेक रक्तदान करून घरी आली की तिच्या हाताला स्पिरिटचा वास येतो आणि मला सिल्वासाचा तो दवाखाना आठवतो. माहेरी जायच्या आधीच हिला जन्म देऊन माझी बायको आत पांढरीफटक पडली होती. "तुमचं रक्त जुळतंय, लवकर चला," नर्स म्हणाली. मी बाही दुमडली, तर आईने मनगट धरलं. "पहिलं बाळंतपण माहेरचं, रक्तही त्यांनीच द्यायचं. तिच्या भावाला कळवलंय. तुला मसाटच्या कारखान्यात मशीनवर उभं राहायचंय." मी बाही खाली घेतली. मेहुणा धुळ्याहून धावतपळत पोचला, तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढलेली होती. "तुम्हीच उशीर केला," आई त्याला म्हणाली. लेकीला मीही तेच सांगत आलोय. ती अजून मामाशी बोलत नाही.