पायरीखालची किरिया

वरच्या पायरीवरून जमीनदारानं बेलभंडार फेकला. आमाले महादेवाच्या देवळात मनाई, म्हणून आमी खाली, पदर पसरून. सासूच्या पदरात बेलाचं पान तेवढं पडलं. हळद सारी धुळीत. म्हातारी खाली बसून बोटांनी हळद गोळा करू लागली. तो हासला.

"उचल बुढे, उचल. देव हाय तो."

महाराष्ट्र नवानवा झाला होता. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचं मतदान. हा गावचा मोठा जमीनदार, उभा राह्यला होता. मागच्याच बाजाराच्या दिवशी वस्तीत येऊन आमच्या ओट्यावर बसला. म्हणे, "मी तुमचाच माणूस. वस्तीले हीर खोदून देतो." नाल्यात झिरे उकरून पानी भरनारी माणसं आमी. सासूचे डोळे भरून आले होते. अन् आज किरिया घ्याले बोलावलं. मत त्यालेच देतो म्हणून देवाची शपथ.

"तुमच्यावर माहा पुरा भरोसा हाय," तो म्हणे.

माह्या तोंडून निंघून गेलं, "भरोसा हाय तं किरिया काऊन?"

"बायकोले आवर बे!" तो माह्या नवऱ्यावर खेकसला. नवरा त्याच्याच घरी सालदार. त्यानं मान खाली घातली. सासूनं माह्या तोंडावर हात दाबला, अन् माह्या वाटची किरिया तिनंच घेतली.

"सून शब्दाले बदलली तं माहा पोरगा मरो."

दुसऱ्या दिवशी मतदानाच्या पडद्यामागं मी एकली. शिक्का हातात. नवऱ्याचं तोंड डोळ्यापुढून हालेना. तरी म्या दुसऱ्या निशाणीवर मारला.

तो निवडून आला. हीर खोदली, त्याच्या वावरात. नवराही जिता राह्यला. पण त्याले जरा कणकण आली का सासू माह्याकडं पाहे. म्या किरिया मोडली, असं तिच्या मनानं घेतलं. त्या माणसावरचा तिचा भरोसा उडाला नाही, माह्यावरचा उडाला. ती मरताना म्या पान्याचा पेला पुढं केला तं तिनं तोंड फिरवलं. ते दुःख अजून गेलं नाही.

पुढच्या मतदानाले पुन्हा जमीनदाराचं बोलावणं आलं. साऱ्यांनी पदर पसरले. म्या माहा कमरेले खोसला.

"काऊन? भरोसा नाही का आमच्यावर?" त्यानं विचारलं.

"नाही. म्हणूनच तं मत हाय. ते देईन, किरिया देनार नाही. अन् निवडून कोनी येवो, भर ग्रामसभेत उभी राहून विचारीन, वस्तीची हीर कुठी हाय?"