ओढून बघायची नाही अशी गाठ

भाच्याचा दोंडाईच्याहून फोन आला, तेव्हा धुळ्याच्या आमच्या घरात मी सारिकाच्या गुडघ्याला बर्फ लावत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच तो बोलला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सख्खी मोठी बहीण गेली, आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? आता पोरीच्या डॉक्टरांशी कोण बोलणार...

मला चार माणसांत तोंड उघडवत नाही. अक्काचं तसं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी तिच्याकडे जायची, तेव्हा अंगणातल्या कडुनिंबाला ती स्वतः झोका बांधायची. बांधून झाला की पाय वर घेऊन आधी आपण लोंबकळायची, एवढी जाडजूड बाई. पोरी हसायच्या. "हसा व! दोर नई तुटत, गाठ सुटस. पयले मी, मंग तुम्ही."

अक्का होती तेव्हाच, दिवाळीच्या सुमारास, सारिका कबड्डी खेळताना पडली आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. तिला पोलीस भरतीत धावायचं आहे. जळगावला ऑपरेशन झालं. तिच्याच मांडीमागची शीर काढून गुडघ्यात बसवली, वरच्या हाडात बटणासारख्या पट्टीने अडकवली, खालच्या हाडात स्क्रूने. डॉक्टर म्हणाले, शीर मजबूत आहे, पण हाड तिला धरेपर्यंत सगळा ताण त्या स्क्रूवर आणि पट्टीवर. तोवर जपा, नाहीतर शीर तुटणार नाही पण सरकेल.

आमच्याबरोबर आलेली अक्का खूश झाली. "म्हंजे आमनी गाठच शे ना! मंग एकदाव वढी दखू का?" आणि खरंच हात पुढे केला. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "अहो मावशी, ही गाठ ओढून बघायची नसते!" सारिका इतकी हसली की तिचे टाके दुखले. पण परतताना बसमध्ये अक्का हळूच म्हणाली, "वढानं नई, मंग समजी कसं व माय?" त्यानंतर फोनवर रामराम नाही की काही नाही, पहिला प्रश्न तोच, "हाडनी धरं का व?"

मला तरी कुठे माहीत होतं? सारिका जिना उतरते तेव्हा मी हातातलं काम थांबवून कान देते. कट् असं काही वाजलं तर...

अक्का गेल्यावरच्या तपासणीला मी एकटीच पोरीबरोबर गेले. "हाडाने धरलं का?" कसंबसं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "धरलं असावं. हळू पळू द्या. उडी मात्र नको." असावं... मी तो एकच शब्द घरी घेऊन आले.

आखाजीला दोंडाईच्याला अक्काच्या नावाची घागर भरली. दुखवट्याचं वर्ष, झोका कोणी बांधणार नव्हतं. सारिकाने खुंटीवरून अक्काचा दोर काढला आणि भाच्याकडून बांधून घेतला. मग सगळे नुसते उभे राहिले. आधी लोंबकळणारी नव्हती.

मी पदर खोचला, दोर धरला आणि सगळ्यांदेखत दोन्ही पाय उचलले. फांदी करकरली. गाठ आवळली.

मग सारिका फळीवर बसली आणि त्याच पायाने तिने जमीन रेटली. "उतरताना उडी नको गं!" मी ओरडले. बाकी सगळे दोराकडे बघत होते. मी तिच्या गुडघ्याकडे.