दूरच्या मैदानावरचा वारा

रेवदंड्यातला माझा शेजारी कोळी. सकाळी चहा गार होईपर्यंत तो मोबाइलवर अमेरिकेतल्या बेसबॉलचे आकडे बघत बसे. कुठला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, दमलाय, कुठला संघ घरच्या मैदानावर हरतो, तिथला वारा चेंडूला साथ देईल का, हे सगळं पाहूनच पैज लावी.

"गुरुजी, आकडा खोटा बोलत न्हाय," मला म्हणे.

या पैजांपायीच यंदा त्याची होडी विकली गेली.

परवा मासळी वाळत घालताना त्याच्या बायकोने त्याला विचारलं, "अवो, वारा कनचा हाय?"

पूर्वी तो नुसता समुद्राकडे तोंड करून सांगायचा. आता त्याने खिशातून मोबाइल काढला.

मग तिनेच पदर वाऱ्यावर धरला.